मतलईची वाट : साष्टीच्या किनाऱ्यावरील शिडांचा आणि थांब्यांचा इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे उच्चारली की आज डोळ्यांसमोर रेल्वेचा नकाशा येतो. पश्चिमेची एक रेघ, मध्य रेल्वेची दुसरी रेघ आणि त्या रेघांवर ओळीने बसवलेली स्टेशने. उपनगरातला माणूस आपले गाव या रेघांवरूनच सांगतो. पूर्व आणि पश्चिम या दिशासुद्धा त्याच्या लेखी स्टेशनाच्या दोन बाजू असतात. हा नकाशा फार जुना नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ मध्ये आणि विरारहून पहिली लोकल निघाली ती १८६७ मध्ये. त्याआधी शेकडो वर्षे ही सगळी गावे एका बेटावरची गावे होती. साष्टी हे त्या बेटाचे नाव. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. भरती साधली तर लहान मचव्याला या बेटाची प्रदक्षिणा घालता येई. वेसावे, मढ, मार्वे, मनोरी, गोराई, घोडबंदर, ठाणे आणि मग पूर्वेच्या खाडीने मुलुंड, भांडुप, घाटकोपरची मिठागरे डावी-उजवीकडे टाकत तुर्भ्यापर्यंत. या प्रदक्षिणेच्या वाटेवर जी ठिकाणे लागत, तीच त्या काळची स्टेशने.

या लेखात मला त्या पाण्यावरच्या नकाशाविषयी लिहायचे आहे. शिडाच्या गलबतांचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा आरमाराचा किंवा व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला गेला. लढाया, तहनामे, जकातीचे आकडे, मालाच्या याद्या. ते आवश्यकच आहे. पण मचव्यावरच्या तांडेलाचा आणि खलाशाचा दिवस कसा जात असेल, असा विचार करू लागलो की वेगळीच गोष्ट समोर येते. त्याचा बराचसा वेळ लढण्यात किंवा माल चढवण्या-उतरवण्यात जात नसे. तो वाट पाहण्यात जाई. वाऱ्याची वाट, भरतीची वाट, सोबतीच्या गलबताची वाट. माझे म्हणणे असे आहे की, कच्छपासून मलबारपर्यंतचा हा लांबलचक किनारा एकमेकांच्या ओळखीचा झाला तो या वाट पाहण्यामुळे. वेगवेगळ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची दर्यावर्दी माणसे ज्या आडोशांना एकमेकांना भेटली, त्यांपैकी काही आडोसे आज आपल्या उपनगरांच्या पोटात आहेत.

वारा आणि भरती

आधी वाऱ्याचे गणित समजून घेऊ; बाकी सारे त्यावर उभे आहे. आगोट आली की शिडाची गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि झापांनी शाकारली जात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की नव्या हंगामाची तयारी सुरू होई. आश्विन-कार्तिकापासून वैशाखापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा एक नेम असतो. रात्री जमीन थंड होते आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो. त्याला दर्यावर्दी मतलई म्हणतात. ऊन चढले की मतलई पडते, थोडा वेळ समुद्र तेलासारखा होतो आणि दुपारपासून वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुरू होतो, तो संध्याकाळपर्यंत टिकतो.

दक्षिणेला जाणाऱ्या गलबताला हे दोन्ही वारे सोयीचे. सकाळी मतलईवर बाजूने आणि दुपारी पाठीवर वारा घेऊन ते गोव्याकडे, मलबारकडे धावते. उत्तरेला येणाऱ्याची गोष्ट निराळी. मतलईवर किनाऱ्याजवळून जितके येता येईल तितके यायचे आणि दुपारी तोंडावर वायव्येचा वारा आला की एखाद्या भूशिराच्या आड नांगर टाकायचा. पुन्हा मध्यरात्रीनंतर मतलई सुटली की नांगर उचलायचा. म्हणजे उत्तरेकडचा प्रवास हा थांब्यांचा प्रवास होता. ज्या जागेला वायव्येचा आडोसा, आत शिरायला खाडी आणि काठावर गोडे पाणी, ती जागा थांबा होई. नकाशा पाहिला तर वेसाव्याचे महत्त्व इथेच लक्षात येते. मढचे भूशीर समुद्रात पुढे घुसलेले आहे आणि त्याच्या आग्नेयेला मालाडच्या खाडीचे मुख आहे. दुपारच्या वाऱ्याला पाठ देऊन उभे राहायला यापेक्षा चांगली जागा माहीमपर्यंत नाही. उत्तरेला मार्वे आणि मनोरी यांच्यामधली खाडी हा पुढचा थांबा.

खाडीच्या आत शिरायचे तर वाऱ्याबरोबर भरतीचाही हिशेब हवा. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात साधारण चार-पाच मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाण्याची चाल मंदावते. ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीत जाणारे गलबत भरतीबरोबर आत जाई. पाणी फिरले की सुमारे सहा तास नांगरावर, आणि मग पुढची भरती. तांडेलाच्या डोक्यातले घड्याळ पंचांगातल्या तिथीवर चाले. आजही कोळीवाड्यात तिथी सांगितली की पाणी किती वाजता चढणार, हे क्षणात सांगणारी माणसे भेटतात.

या सहा तासांत काय होई? विहिरीचे पाणी भरणे, तांदूळ आणि सरपण घेणे, फाटलेले शीड शिवणे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि तेल भरणे. आणि बोलणे. पुढे वारा कसा आहे, कुठल्या खाडीच्या बाऱ्यावर वाळू सरकली आहे, कुठल्या नाक्यावरचा माणूस कडक आहे, कुठे कोणते धान्य महाग झाले आहे. छापील नकाशे आणि हवामानाचे अंदाज नसलेल्या काळात ही बातमी म्हणजे जीव वाचवणारी वस्तू होती, आणि ती फक्त दुसऱ्या दर्यावर्द्याकडूनच मिळे. ती द्यायची पद्धत होती, कारण उद्या आपल्यालाही ती लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटाडे

अशा भेटीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषेतील पुस्तिकेचा अनामिक लेखक स्वतः समुद्रावर फिरलेला असावा, इतका त्याचा तपशील नेमका आहे. भरुचला, म्हणजे त्याच्या बारिगाझाला, जाताना नर्मदेच्या मुखाशी परक्या जहाजांची काय अवस्था होते, हे तो सांगतो. उथळ वाळू, वेगाने चढणारी भरती आणि ओहोटीला उघडे पडणारे तळ. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार ट्रप्पगा आणि कोटिम्बा नावाच्या मोठ्या नौका घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या जहाजांना वाट दाखवत आणत. भरतीला पुढे न्यायचे आणि ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवायचे, असा त्यांचा क्रम होता. परदेशी नाविकाला या किनाऱ्यावर भेटणारा पहिला माणूस व्यापारी किंवा राजपुरुष नव्हता; तो मासे पकडणारा माणूस होता. कोटिम्बा या शब्दाचे नाते पुढच्या काळातल्या कोटिया या गलबताच्या नावाशी काही अभ्यासक जोडतात.

याच पुस्तिकेत कल्याणचाही उल्लेख आहे. पूर्वी ते कायदेशीर बाजारपेठेचे बंदर होते, पण राज्य बदलल्यावर तिथे जाणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भरुचकडे नेले जाते, असे लेखक बजावतो. समुद्रावरून कल्याणला जायचे तर साष्टीला वळसा घालूनच जावे लागते, वसईच्या खाडीने किंवा ठाण्याच्या. म्हणजे आजच्या गोराईसमोरून किंवा मुलुंडच्या मागून ही परकी शिडे गेलेली आहेत.

बेटाच्या मधोमध असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत या वाहतुकीच्या खुणा दगडात आहेत. तिथल्या दानलेखांत कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल अशा बंदरांच्या रहिवाशांची दाने नोंदलेली आहेत. तिथल्या एका लेण्यात अष्टमहाभयांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचा शिल्पपट आहे. त्या भयांत हत्ती, सिंह, साप यांच्याबरोबर बुडणारी नौकाही आहे. बोरिवलीच्या डोंगरात बसून नौकाभंगाचे भय कोरणाऱ्या शिल्पकाराला ते कुणाकडून तरी ऐकलेले असणार. बंदरावरून डोंगरावर येणारी माणसे माल आणि दाने आणत, तशी समुद्राच्या गोष्टीही आणत.

बोरिवलीतच, स्टेशनापासून फार लांब नाही अशा एकसर गावात, शिडांचा याहून थेट पुरावा आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने तिथल्या सहा वीरगळांचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. तळ्याच्या काठी आमराईत ओळीने उभे केलेले काळ्या दगडाचे हे स्मृतिस्तंभ. त्यांतले चार सुमारे दहा फूट उंचीचे. जमिनीवरच्या लढाईबरोबर काही दगडांवर समुद्रावरची लढाई आहे. उंच वरांची गलबते, मधोमध डोलकाठी, बाजूंना वल्ह्यांची रांग आणि वर दाटीने उभे धनुर्धारी. हे वीरगळ अकराव्या ते तेराव्या शतकांतले मानले जातात. अनेक अभ्यासक समुद्रयुद्धाच्या शिल्पांचा संबंध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी जोडतात. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे.

या दगडांकडे मी जितक्या वेळा पाहिले, तितक्या वेळा माझी नजर वीरांपेक्षा वल्ह्यांकडे गेली. डोलकाठी आहे, तरी वल्ही आहेत. म्हणजे वारा पडला तरी लढाई थांबवता येत नव्हती. व्यापारी गलबताला वारा पडल्यावर थांबण्याची मुभा होती. लढाऊ गलबताला नव्हती. त्याची किंमत वल्ही ओढणाऱ्यांनी मोजली. वीरगळ उभे राहिले ते धनुर्धाऱ्यांचे.

समोरून येणारे शीड कुणाचे

थांब्यावरची भेट मैत्रीची असे, तशी उघड्या समुद्रावरची भेट भयाचीही असे. क्षितिजावर शीड दिसले की ते व्यापाऱ्याचे, कोळ्याचे की लुटारूचे, हे ठरवायला फार थोडा वेळ मिळे. शिडाचा कापा, डोलकाठीचा कल, नाळेची ठेवण यांवरून गलबत कुठल्या बंदराचे हे तांडेल ओळखत. सोबत असली की धोका कमी. म्हणून व्यापारी गलबते जथ्याने निघत. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोवा आणि खंबायत यांच्यामध्ये असे अनेक गलबतांचे तांडे पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात ये-जा करत. त्यांना पोर्तुगीजांनी आपल्याकडचाच काफिला हा शब्द वापरला. जमिनीवरच्या सार्थवाहांची पद्धत समुद्रावर आली होती.

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी मिळवली. त्यांच्या सत्तेची समुद्रावरची खूण म्हणजे कार्ताझ हा परवाना. तो नसलेले गलबत पकडले जाई. तो घ्यायचा तर पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. पुढे हाच उपाय कान्होजी आंग्र्यांनी उलटा फिरवला. या किनाऱ्यावर फिरायचे तर आमचे दस्तक घ्या, असे त्यांनी परक्या कंपन्यांना बजावले. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले, पण परवान्याची पद्धत स्वतः इंग्रजही वापरत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला. समुद्रावर परवाना कुणी द्यायचा, हाच या भांडणाचा गाभा होता. वाट पाहण्याच्या जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात किनारा, हे सर्वांनी ओळखले होते. मढच्या भूशिरावरचा वेसाव्याचा किल्ला याच कारणाने बांधला गेला. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ च्या फेब्रुवारीत तो मराठ्यांकडे आला आणि मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली, तेव्हा ठाण्याबरोबर हा किल्लाही गेला.

आरमाराच्या थांब्याचा त्रास किनाऱ्यावरच्या गावांना कसा होतो, याची जाण मराठी राज्यकर्त्यांना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र राज्यांग मानले आहे. पावसाळ्याची छावणी कुठे आणि कशी करावी, जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेच्या झाडांना हात लावू नये, अशा बारीक सूचना तिथे आहेत. चार महिने एकाच खाडीत शेकडो खलाशी बसून राहिले तर त्या गावाचे काय होते, हे ज्याने पाहिले होते, त्याचीच ही लेखणी आहे.

मीठ, कौले आणि शब्द

इंग्रजी अंमलात किनारा शांत झाला आणि लहान गलबतांची वाहतूक वाढली. साष्टीच्या पूर्वेच्या खाडीवर, भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या बाजूला, मिठागरे होती. आगरी कुटुंबे पाणी अडवत, सुकवत, ढीग घालत. आणि ते मीठ नेण्यासाठी भरतीबरोबर मचवे आणि पडाव खाडीत शिरत. मुलुंड पूर्वेला आज मिठागर रोड आहे. त्या रस्त्यावरून रिक्षाने जाताना आपण एका जुन्या धक्क्याच्या दिशेने जात असतो. पश्चिमेला कांदिवलीत बंदर पाखाडी आहे. पाखाडी म्हणजे वस्तीतली वाट; बंदर मात्र आता इमारतींच्या मागे लपले आहे.

दक्षिणेकडून येणाऱ्या मालाची खूण याहून उंचावर सापडते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथली तांबडी, खाचांची कौले फत्तेमारींतून उत्तरेला येऊ लागली. पार्ले, अंधेरी, बोरिवलीची जी जुनी बैठी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या छपरावरचे एखादे कौल उतरवून उलटे केले तर मंगळुरच्या एखाद्या कारखान्याचे नाव त्यावर उठवलेले दिसते. किनाऱ्याकिनाऱ्याने, मतलईवर, रोज दुपारी कुठल्या तरी आडोशाला थांबत ते कौल इथे पोहोचलेले असते. कौले परतीच्या प्रवासात फुटत नाहीत अशी रचायची, तळात भार नीट बसवायचा, ही खलाशांची वेगळी विद्या होती. फत्तेमारी हे या किनाऱ्याचे सर्वांत डौलदार गलबत. जॉन एडी या इंग्रज अधिकाऱ्याने १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात तिचे वर्णन केले, आणि जेम्स हॉर्नेल याने १९२० मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिताना तिची आणि मचव्याची पुन्हा दखल घेतली.

या गलबतांवर कोण होते? मालवणकडचे गाबीत, रत्नागिरीचे दालदी आणि भंडारी, कारवारचे खारवी, सौराष्ट्राचे खारवा, कच्छ-मांडवीचे मुसलमान खलाशी, आणि साष्टीचे कोळी. प्रत्येकाची बोली वेगळी. तरी दोरी ओढताना सगळ्यांना कळणारी एक भाषा होती. तिचे शब्द आज आपण मराठीच समजतो. बंदर फारसी. नाखवा हा फारसी नाखुदाचा कोळी अवतार; मूळ अर्थ नावेचा धनी. सुकाणू अरबी. वाट दाखवणारा माळीम हा अरबी मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. गुराब या लढाऊ जहाजाचे नाव अरबीतल्या कावळ्याचे. कप्तान पोर्तुगीजांकडून आला. आणि आपला पडाव पोर्तुगीज कागदांत ‘पाराव’ होऊन गेला. अरबी मौसम इंग्रजीत ‘मान्सून’ झाला. या शब्दांची देवघेव दरबारात किंवा शाळेत झाली नाही. ती नांगरावर झाली, आणि जिथे शब्द मिसळले तिथे माणसे मिसळली होती, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

देवांचीही ये-जा झाली. हिंगळाज देवीचे मूळ स्थान बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याजवळ. चौलच्या डोंगरात तिचे ठाणे आहे आणि वेसाव्याच्या कोळ्यांची हिंगळादेवी आहे. एरंगळच्या किनाऱ्यावरच्या सोळाव्या शतकातील चर्चच्या जानेवारीतल्या जत्रेला ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही कोळी जातात. दर्यावर सगळ्यांचा धोका एकच असतो, तेव्हा नवस कुणाला बोलायचा याबाबत माणसे फारशी काटेकोर राहत नाहीत.

वाट दाखवण्याच्या विद्येचेही असेच. किनाऱ्याच्या आकृत्या, डोंगरांची शिखरे, ताऱ्यांचे उदय-अस्त लिहिलेल्या कच्छी माळिमांच्या पोथ्या आहेत. मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवणारे बी. अरुणाचलम यांनी अशा देशी नौकानयनाचा अनेक वर्षे अभ्यास करून ते ज्ञान किती पद्धतशीर होते हे दाखवले. साष्टीच्या कोळ्यांकडे पोथ्या नव्हत्या, खुणा होत्या. वसईमागचे तुंगार आणि कामणदुर्ग, कान्हेरीचा डोंगर, एखादे चर्च, एखादा माड. दोन खुणा एका रेषेत आल्या की खडक कुठे आणि माशांची जागा कुठे, हे कळे. या खुणा बापाने मुलाला दाखवायच्या असत. आता किनाऱ्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्या मागचा डोंगर समुद्रावरून दिसेनासा झाला, की खूण मोडते.

थांबणे संपले

१८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. वाऱ्याविरुद्ध आणि ठरल्या दिवशी जाणारी ही नवी वस्तू शिडाचा शेवट करील, असे कुणालाही वाटले असते. तसे झटपट झाले नाही. आगबोटीने कोकणच्या मोठ्या बंदरांचे उतारू नेले; रेल्वेने साष्टीतली माणसे आणि भाजीपाला नेला. पण मीठ, कौले, रेती, सरपण, गवत असा जड आणि स्वस्त माल, ज्याला घाई नाही, तो शिडांवरच राहिला. वारा फुकट होता आणि खलाशी स्वस्त. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या किनाऱ्यावर शिडे होती, ती या अर्थशास्त्रामुळे.

शेवट केला तो इंजिनाने. स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांना यंत्र बसवण्यासाठी सरकारी मदत मिळू लागली आणि एका पिढीत कोळीवाड्यातली डोलकाठी गेली. मालवाहू गलबतांवरही यंत्र आले. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या जहाजांसाठी वेगळा भाग होता, आणि यंत्र बसवलेली देशी गलबतेही त्याच नावाखाली नोंदली गेली. गुजरातच्या बंदरांतून आखातात जाणाऱ्या लाकडी गलबतांच्या नावाआधी आजही एमएसव्ही ही अक्षरे लागतात, म्हणजे यंत्रावर चालणारे शिडाचे जहाज. शीड नावापुरते उरले.

इंजिनाने कष्ट कमी केले, जीव वाचवले, आणि कोळ्याच्या घरात चार पैसे आणले. शिडाच्या काळाबद्दल हळहळ करणाऱ्याने वाऱ्याअभावी उन्हात दोन दिवस पाण्यावर अडकलेल्या माणसांचाही विचार केला पाहिजे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. इंजिनवाल्या बोटीला वेसाव्याला थांबायचे कारण नव्हते, आणि वेसाव्याच्या बोटीला मुरुडला. वाट पाहणे संपले तसे परक्या तांडेलाला ओळखण्याचे कारणही संपले. वायरलेस आणि मोबाइलवर हवामान कळू लागले. ते कळण्यासाठी शेजारच्या गलबतावर जावे लागेना. एकाच पाण्यात मासे मारणाऱ्या दोन जिल्ह्यांच्या बोटींमध्ये आज जी भांडणे होतात, त्यांना मासळीची टंचाई हे मुख्य कारण आहे. पण एकमेकांच्या नाखव्यांची नावे ठाऊक नसणे, हेही आहे असे मला वाटते.

मुंबईचे लाकूड, जगाची प्रदक्षिणा

शिडाने या किनाऱ्यावर पुन्हा एकदा डोके वर काढले ते वेगळ्या रूपात. १९६४ मध्ये कुलाब्यात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज जहाज-अधिकाऱ्यासाठी मुंबईच्या सुतारांनी सागवानाची एक लहान शिडाची नौका बांधली, बरेचसे काम हातअवजारांनी करून. तिचे नाव ‘सुहेली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. १९६५ मध्ये ती मुंबईहून इंग्लंडला निघाली. १९६८-६९ मध्ये याच नौकेतून नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते जगातले पहिले. ज्यांनी फळ्या तासल्या त्या मुंबईच्या सुतारांची नावे कुठल्या सन्मानपत्रावर नाहीत.

याच नॉक्स-जॉन्स्टन यांनी चार दशकांनंतर एका मराठी दर्यावर्द्याला सल्ला दिला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून, भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून जग फिरावे, ही कल्पना चिकाटीने पुढे नेली. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. नौदलातले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे थांबे चार: ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन. पुढे २०१२-१३ मध्ये याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी न थांबता प्रदक्षिणा केली. साहस म्हणून दुसरी कामगिरी मोठी मानली जाते, आणि ती मोठी आहेच. मला मात्र चार थांब्यांची पहिली प्रदक्षिणा या किनाऱ्याच्या जुन्या रीतीला जवळची वाटते. अनोळखी बंदरात शिरायचे, दोरी पकडायला पुढे आलेल्या माणसाला नमस्कार करायचा, मोडलेले दुरुस्त करायचे, पुढच्या वाऱ्याची चौकशी करायची आणि निघायचे. वेसाव्याच्या आडोशाला नांगर टाकणाऱ्या गाबीत तांडेलाने यापेक्षा निराळे काही केले नव्हते.

नोंद करण्याजोगे

आज उपनगरांच्या किनाऱ्याची चर्चा होते ती सागरी मार्ग, पूल आणि भराव यांच्या संदर्भात. त्या चर्चेत समुद्र म्हणजे रस्त्यासाठी मोकळी असलेली जागा असतो. कोळ्यांचा विरोध नोंदवला जातो तोही नुकसानभरपाईच्या भाषेत. खाडीच्या मुखाशी वाळू कशी सरकते, कुठल्या वाऱ्याला कुठे आडोसा मिळतो, भांगेला पाणी किती राहते, हे ज्ञान त्या कागदांत कुठेच उतरत नाही, कारण ते विचारण्याचा रकानाच तिथे नसतो.

हे ज्ञान अजून पुरते गेलेले नाही. मार्वे ते मनोरी आणि वेसावे ते मढ या तरी आजही भरती-ओहोटी पाहून चालतात. तीन गोष्टी तातडीने उतरवून घ्यायला हव्यात. पहिली, शीड, दोऱ्या आणि वारे यांचे शब्द, बोलणाऱ्याच्या उच्चारासह. दुसरी, समुद्रावरच्या खुणा, गावागणिक, नकाशावर मांडून. तिसरी, जुन्या नाखव्यांच्या घरातल्या हिशेबाच्या वह्या; त्यांत मालाबरोबर थांब्यांची आणि देणेकऱ्यांची नावे असतात, आणि कोण कुणाच्या ओळखीचे होते याचा त्याहून चांगला पुरावा नाही. या कामाला मोठी संस्था लागत नाही. एक वही लागते, थोडा वेळ लागतो, आणि मतलई म्हणजे काय हे ज्याला कातडीवरून माहीत आहे असा माणूस लागतो. वेसावे, मढ, मनोरी, गोराई इथे तो आज आहे. त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे.